दफ्तरी मामांनी वाचलेलं घर

ज्या घराच्या मागच्या तीन मालकांची नावं घरच्यांना सांगता येत नाहीत, त्या घरचं पाणी दफ्तरी मामा पीत नसत. भर उन्हात सायकल मारत आलेले असोत, घसा कोरडा पडलेला असो, पेला समोर तसाच राहायचा. "आधी सांगा, तुमच्या आधी इथे कोण होतं?" सांगता आलं नाही की उठून चालू पडायचे. लोकांना राग यायचा. मलाही यायचा. पाहुण्याने पाणी प्यावं, चौकशा करू नयेत, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

मामा तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये दफ्तरी होते. जुन्या कागदांचे बस्ते बांधायचे, सोडायचे, उन्हात घालायचे, उंदरांपासून वाचवायचे. उज्जैनमध्ये मोडी वाचणारे जे थोडे उरले त्यांतले ते एक. माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. मुलं मामा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. माधव नगरात एका भाड्याच्या खोलीत राहायचे. स्वतःचं घर का घेतलं नाही विचारलं तर म्हणायचे, "सगळ्यांचे कागद बघितल्यावर हिंमत होत नाही."

त्यांच्या लेखी कुठल्याच घराला आजचा मालक नव्हता, मागचाच होता. एका सराफाने संगमरवरी घर बांधलं आणि वास्तुशांतीला मामांना बोलावलं. मामा भर पंगतीत म्हणाले, "छान झालं घर. इथे पूर्वी घोडे बांधायचे. जमीन चांगली खणून घेतलीत ना?" त्या सराफाने पुन्हा बोलावलं नाही. खोटं तर बोललो नाही, असं मामांचं त्यावर म्हणणं. माणूस चांगला होता, पण पंगतीला बोलावण्यासारखा नव्हता.

आमचं घर राम घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. पुढे दोन खोल्या, वर एक, मागे स्वयंपाकघर. सासऱ्यांनी ते लक्ष्मीबाई नावाच्या एका बाईंकडून विकत घेतलेलं. नवरा वारल्यावर मुलाने घर माझ्या नावावर करायला तहसिलीत नामांतरणाचा अर्ज दिला. महिन्याभरात होतं, असं सगळे म्हणाले. पण पंधराव्या दिवशी नानाखेड्याहून एक माणूस दारात उभा राहिला. चाळिशीचा, मराठीच, बोलायला नम्र. म्हणाला, "काकू, रागावू नका, पण हे घर आमचं आहे."

त्याच्याजवळ कागद होता. त्याच्या पणजोबांनी हे घर मथुरा नावाच्या मुलीला बक्षीसपत्राने दिलं होतं. मालकीण मथुरा, मग विकणारी लक्ष्मीबाई कोण? त्यांच्या घराण्यात लक्ष्मीबाई कोणी नव्हतीच. मथुरा मूलबाळ न होता गेली असणार आणि घर भावाकडे, म्हणजे याच्या आजोबांकडे आलं असणार. त्याने तहसिलीत आपत्ती, म्हणजे हरकत, लावून ठेवली होती. पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख पडली. आमचा वकील म्हणाला, त्याचा कागद खरा आहे, तुमची साखळी मध्येच तुटते.

मी चौथी शिकलेली. साखळी मला कळली नाही. घर जाईल, एवढं कळलं. मुलगा म्हणाला, माझ्या फ्लॅटवर चल. मी म्हटलं, मी इथून हलले की तो आत येईल. भाजी आणायलाही बाहेर पडेना. शेजारीण दोन दिवसांनी पालेभाजी आणून द्यायची आणि जाताना विचारायची, "क्या हुआ आपके मकान का?" ती भाजी गोड लागायची नाही.

मामांना बोलावलं. ऐंशीच्या घरात होते, सायकल सुटली होती, रिक्षाने आले. दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि भिंग घेऊन दुपारभर वाचत बसले. मग म्हणाले, "वहिनी, बाया दोन नाहीत. एकच आहे."

बापाने घर दिलं तेव्हा पोरीचं लग्न व्हायचं होतं. कागदात मथुरा. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून लक्ष्मी. विकताना कागद लिहिणाऱ्याने सासरचं नाव घातलं आणि माहेरचं विचारलं नाही. आपल्याकडे प्रत्येक बाईचं हेच होतं, म्हणून ते लिहून ठेवावं असं कोणाला वाटलं नाही. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मग सांगून टाका तहसीलदाराला. मामा म्हणाले, सांगून काय, तो कागद मागेल.

म्हणून मामा रेकॉर्ड रूममधले जुने बस्ते सोडून घर मागे मागे वाचत गेले. मथुराचे वडील. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांनी एका अत्तरवाल्याकडून घेतलेलं. त्यांच्या त्या खरेदीच्या कागदात घेणाऱ्याचं मूळ गाव लिहिलेलं, साताऱ्याकडचं. ते वाचून मामा खूश झाले. गाव मिळालं म्हणजे पंडा मिळाला. राम घाटावरच्या पंड्यांनी गावं वाटून घेतलेली असतात. त्या गावच्या माणसाचं श्राद्ध असलं की कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांच्या बहीत, त्या वंशावळीच्या वहीत, उतरतं. गाव सोडून पिढ्या झाल्या तरी पंडा तोच.

पेशीला चार दिवस होते आणि पितृपक्ष लागलेला. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. मी मामांचा हात धरून पायऱ्या उतरत होते की ते माझा, सांगता येत नाही. पहिला पंडा म्हणाला, हे गाव आमच्याकडे नाही. दुसऱ्याने मान वर केली नाही. तिसऱ्याकडे गाव होतं, पण ती बही थोरल्या भावाच्या घरी कुलपात, आणि भाऊ कुठे गेलेला. उद्या या. उद्या गेलो तर परवा या. परवा, पेशीच्या आदल्या दिवशी, बही आली. लाल कापडात बांधलेली, पानं हाताएवढी लांब. मामा एकेक ओळ बोटाने वाचत होते. बोट थांबलं. मथुराच्या वडिलांचं श्राद्ध. आलेले : मुलगा, मुलगी मथुरा, सासरी लक्ष्मी, जावई. खाली तिघांच्या सह्या. लक्ष्मीबाईंची सही आमच्या कागदावर होती तशीच, शेवटचं अक्षर खाली ओढलेलं.

मला वाटलं, आता मामा हसतील. ते पायरीवर बसले. म्हणाले, आता राहिलेलंही सांगतो, बक्षीसपत्रात मथुराला पुढचं घरच दिलंय. चारी बाजू लिहिल्यात, त्यांत मागे काय, तर मुलाची, म्हणजे मथुराच्या भावाची, खोली. लक्ष्मीबाईंनीही तेवढंच विकलंय. तुमचं स्वयंपाकघर कधी विकलंच गेलं नाही.

मी विचारलं, "हे त्याच्या वकिलाने वाचलंय?"

"नाही. मोडी आहे. ती ओळ त्यांनी सोडली."

"मग तुम्हीही सोडा."

"अर्धा कागद मला वाचता येत नाही, वहिनी."

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या खोलीत चूल पेटवली, मग स्टोव्ह, मग गॅस. मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला घर नाही, दार नाही, तुम्हाला काय कळणार. घाटावर माणसं होती म्हणून मी गप्प बसले, नाहीतर आणखी बोलले असते.

पेशीला पंडा स्वतः बही घेऊन आला. साहेबांनी विचारलं, "औरतें दो हैं कि एक?" मामा म्हणाले, "एक, साहब," आणि पान उघडून वाचून दाखवलं. नानाखेड्याचा माणूस वाकून आजोबांची सही बघत राहिला. मग हळूच म्हणाला, आजोबा बहिणीचं नाव घरात घेऊ देत नसत, का ते आज कळलं, तिने घर विकलं म्हणून. साहेब फाइल मिटायला लागले. मी मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "साहब, एक बात और है."

पुढचं घर माझ्या नावावर झालं. मागची खोली नानाखेड्याच्या माणसाची झाली. मुलगा म्हणाला, विकत मागू. पण तो माणूस विकायला तयार नव्हता, आजोबांची एवढीच खूण राहिली म्हणाला. महिन्याभरात माझ्या स्वयंपाकघराच्या दारात विटांची भिंत उभी राहिली. मी हिवाळाभर मामांशी बोलले नाही.

चैत्रात ते आपणहून आले. ओट्यावरच बसले. म्हणाले, "मी गप्प बसलो असतो तर पुढे कधी तुमच्या नातवाच्या दारात कोणी असाच कागद घेऊन उभा राहिला असता. आता कोणी येणार नाही."

मी म्हटलं, "नातवाचं राहू द्या. मी आज पोळ्या कुठे लाटू ते सांगा."

ते खूप हसले. मला हसू आलं नाही, पण चहा केला, बाहेरच्या खोलीत, पलंगाशेजारी ठेवलेल्या शेगडीवर. त्यांनी तो प्यायला. वैशाखात गेले. तीन दिवस तापात होते आणि मला कोणी कळवलं नाही. कळवलं असतं तर गेले असते, हे इथे सांगून ठेवते. घाटावरची ती भाषा मला परत घ्यायची होती. राहिली.

मागच्या आठवड्यात मी मृत्युपत्र करायला तहसिलीत गेले. कागद टाइप करणाऱ्याने माझं नाव घातलं, नवऱ्याचं घातलं. मी म्हटलं, पुढे लिही, माहेरचं नाव सिंधू, वडिलांचं नाव अमुक. तो थांबला. "अम्मा, ये सिंधु कौन है? इसका भी हिस्सा है क्या?"

"मीच ती. लिही."

त्याने लिहिलं. मग घराच्या चारी बाजू विचारल्या. पुढे गल्ली, डावीकडे शेजारणीचं घर, उजवीकडे देऊळ. "और पीछे?"

मी म्हटलं, "मागे भिंत. भिंतीपलीकडची खोली आमची नाही. तेही लिही."