टोपीला गेलेला हात

माणूस फार तर किती घोटाळा करेल, असं वाटतं ना तुम्हाला? अहो, मी एक अख्खी शाळा बंद पाडली! तीही माझीच. नुसती टोपी सरळ करून!

हसाल नंतर, आधी ऐका. तेव्हा मी नरडाण्याच्या बाजूला, एका आडवळणाच्या वाडीत एकशिक्षकी शाळेवर होतो. शाळा म्हणजे एकच खोली. पुढे फळा, मागे माझी वळकटी. पोरं घरी गेली की बोलायचं कोणाशी? स्टोव्हशी! तोसुद्धा नुसता भडकायचा. सकाळी पोरांचा गलका कानावर आला की कुठे जीव भांड्यात पडायचा.

अन् एक दिवस खबर आली. पोरं कमी आहेत, ही शाळा बंद करून नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत जोडणार; त्याआधी साहेब येऊन गावकऱ्यांचं मत घेणार. पावसाळ्यात नाला भरून वाहतो, तेव्हा चिमुरडी पोरं जाणार कशी? आणि खरं सांगू? मी कुठे जाणार?

गावचे आबा म्हणाले, "गुरुजी, साहेबनं बोलनं आम्हले काय समजी?"

"आबा, तुम्ही फक्त माझ्याकडे बघा. शाळा राहावी का, असं साहेबांनी विचारलं की मी टोपीला हात लावीन. लगेच सगळ्यांनी हात वर!"

काय डोकं चाललं बघा! संध्याकाळी शाळेत सगळ्यांना जमवून तालीम घेतली. शेजारच्या अक्का तर दोन्ही हात वर करायच्या. छान जमलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. कशाला? अहो, तेवढीच खोलीत माणसं!

सभा भरली. आता माझी एक जुनी खोड. वरचा साहेब उभा राहिला की माझा हात आपोआप टोपी सरळ करायला जातो. आणि हे साहेब खुर्चीतून उठता उठताच म्हणाले, "शाळा बंद करावी, असं कोणाकोणाला वाटतं?"

गेला की हो माझा हात टोपीला!

बठ्ठा गाव, अगदी सगळाच्या सगळा, हात वर करून बसला. अक्कांचे दोन्ही! मी ओरडलो, "खाली, खाली!" हात खाली आले. मी कपाळावर हात मारायला गेलो, तो लागला टोपीला. पुन्हा सगळे हात वर!

साहेब खूश. "असं एकमत मी कुठेच पाहिलं नाही."

"साहेब, चूक झाली! ती खूण माझी होती..."

"म्हणजे यांना तुम्ही पढवलंत?"

साहेबांनी ते एकमत कागदावर उतरवलं आणि खाली सही ठोकली.

साहेब गेल्यावर आबा जवळ आले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "तुम्हना हात टोपीले लागना ना, गुरुजी!" खरंच, माझा हात टोपीला लागला होता; त्यांनी फक्त खूण पाळली होती.

माझी बदली जळगावला झाली. निघालो त्या दिवशी सगळी वाडी रस्त्यावर आली. एसटी हलली, वाऱ्यानं टोपी उडायला लागली म्हणून मी धरली, तर मागे सगळे हात वर! टोपी डोळ्यांवर ओढली आणि बसलो.

जळगावची शाळा मोठी, शिक्षक ढीगभर, माझं नाव कोणाला माहीत नाही. पहिल्याच सभेत हेडमास्तर उभे राहिले. माझा हात टोपीला गेला, आणि मी खुळ्यासारखं मागे वळून पाहिलं.

एकही हात वर नव्हता.

"काय हो, काय शोधताय?" हेडमास्तरांनी विचारलं.

म्हटलं, "काही नाही साहेब. टोपी सरळ करत होतो."