आम्ही दोघं वाहक

आमचे हे एसटीत वाहक. सालेकशाच्या गाडीवर त्यांची ड्युटी असे. लेक दहा वर्षांची झाली तरी तिचं दुखणं कुणाला कळत नव्हतं. हातपाय धरून ती विव्हळायला लागली, की सासूबाई 'वात हाये' म्हणत मोहाच्या बियांचं तेल चोळत. तेल मुरायचं, दुखणं तसंच राहायचं.

शेवटी सिकलसेलच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या शिबिरात आम्ही तिघांचंही रक्त तपासायला दिलं. काही दिवसांनी संस्थेच्या ताई घरी आल्या. म्हणाल्या, "पोरीला सिकलसेल आहे. आणि तुम्ही दोघंही वाहक."

"हाव ना ताई, मी वाहकच हाये," हे म्हणाले. "पण इनं कधी तिकीट फाडलं?"

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबला. ताईही हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. आजार आमच्या दोघांच्या रक्तात दडून आहे. आम्हाला त्रास नाही, पण दोघांकडूनही आला तर लेकराला भोगावा लागतो. माझं हसू जागीच विरलं. मला दिवस गेले होते.

ताईंनी नागपूरला गर्भातल्या बाळाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. आधी ही संस्था गोळ्या नि ब्लँकेटं वाटायची, दवाखान्यात खाट मिळवून द्यायची. अलीकडे देणग्या जमवून संशोधनालाही पैसे देत होती. त्यावर लोकांची कुरकुर असे. "लेकरं कण्हून राहिली, न हे संशोधन करून राहिले," असं हेही बोलायचे. त्याच पैशातून ही तपासणी नागपुरात आली, हे कळल्यावर गप्प झाले.

नागपूरला तपासणी करून आलो, पण निकाल येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. पोटावर हात ठेवायचीसुद्धा भीती वाटे. माया लागली नि नको तेच निघालं तर? लेक आता रोज गोळी घेऊन शाळेत जात होती, कण्हणं कमी झालं होतं. तरी ती जरा लंगडली की मला धडकी भरे.

"तसंच निघालं तं पाडून टाकू. एक पुरे झाली," सासूबाई लेकीसमोरच म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

ताईंचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "बाळाला आजार नाही," त्या म्हणाल्या. मी दोनदा विचारून घेतलं नि ढसाढसा रडले. लेक धावत आली. तिला पोटाशी धरून म्हटलं, "बाळ चांगलं हाये वो, बाई. तुह्यासारखं नाही."

तिनं माझे डोळे पुसले. मग विचारलं, "माह्यासारखं असतं, तं पाडलं असतं का, माय?"

फोनवर ताई विचारत होत्या, "ऐकू येऊन राहिलं ना?"

मला सगळं ऐकू येत होतं.