दोन फौजा आणि एक फाटक

आष्टीकडच्या आमच्या गावात दोन देशांच्या फौजांत चाकरी केलेला एकच माणूस होता, मुंजाजी हवालदार. आधी निजामाची फौज, पोलिस ॲक्शननंतर हिंदुस्थानची. पारावर बसला की तुलना सुरू. निजामाकडं सलाम कडक, काडतुसं ओली. हजेरीला साहेब यायचा त्या दिवशी टांग्याचे घोडे मागून आणायचे आणि रिसाला पुरा दाखवायचा. हिंदुस्थानच्या पलटणीत मोजलेलं एक खेचर कमी भरलं, तर हवालदाराची फीत जायची. हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीनं गुरांची छावणी काढली आणि मुंजाजीला फाटकावर बसवलं. चेअरमन बंकटराव कागदी घोडे नाचवण्यात पटाईत, त्यांनी इथं बैलही नाचवले. आत दावणी रिकाम्या, कागदावर छावणी भरलेली, आणि त्या कागदी बैलांचा सरकारी कडबा चेअरमनच्या गंजीत. मेंढरं मरून दोन गाईंवर आलेली सारजाबाई रोज फाटकाशी यायची. "जागा न्हाई," चेअरमन सांगायचे. गाईंच्या बरगड्या लांबून दिसत. त्या माणसाचं नाव घेतलं तरी माझं तोंड कडू व्हायचं.

तपासणीचा साहेब येणार असं कळलं, तशी चेअरमननी गावातली झाडून सारी जनावरं आत घातली. सारजाबाईच्या गाईसुद्धा.

"आले टांग्याचे घोडे," मुंजाजी पुटपुटला.

साहेबानं मोजणी केली, चहा घेतला आणि निघताना फाटकावर म्हणाला, "हवालदार, यातलं एकही जनावर कमी होता कामा नये." मुंजाजीनं टाच आपटून सलाम ठोकला.

जीप गेली. चेअरमन म्हणाले, "काढा आता लोकांची गुरं बाहेर." मुंजाजीनं फाटकाला साखळी घातली.

"का रं?" चेअरमन ओरडले.

"हुकूम हाय. मोजलेलं जनावर बाहेर जाणार न्हाई. पायजे तर साहेबाला इचारून या."

साहेबाला काय कपाळ विचारणार? इतकी गुरं उपाशी हंबरायला लागली, तेव्हा चेअरमनला स्वतःची गंजी फोडावी लागली. गाडी आत आली. सारजाबाईनं पहिली पेंढी आपल्या गाईंपुढं सोडली आणि पदरानं डोळे पुसले.

"ही कंच्या फौजेची रीत म्हनायची?" चेअरमननी दात खात विचारलं.

"हिंदुस्थानच्या," मुंजाजी म्हणाला. "तुमची रीत निजामाच्या फौजेत व्हती, चेअरमनसाब. ती फौज पाच दिवसांत संपली."