ओल्या वाळूतल्या सहा बाटल्या

वाट पाहण्याच्या बाबतीत आमच्या धुळ्याच्या घरमालकांचा हात धरील असा माणूस सबंध खानदेशात झाला नाही. एसटी स्टँडवर गर्दीच्या दोन गाड्या सोडून ते तिसरीत बसत, आणि तिसरीही भरलेली निघाली तर घरी परत येऊन शांतपणे जेवत. केळ्यांचा घड घरात आला की सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत कुणाला हात लावू देत नसत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. उमेदीची वर्षं त्यांनी बोटीवर वाढप्याची नोकरी केली होती आणि तिथून येताना एक ट्रंक आणि फ्रान्सच्या लाल वाइनच्या सहा बाटल्या आणल्या होत्या. दारूबंदीच्या त्या दिवसांत त्यांच्याकडे परमिट होतं. ते त्यांनी काच बसवून देवांच्या तसबिरींच्या रांगेत, पण जरा अंतर राखून, टांगलं होतं.

या बाटल्या त्यांनी आणि बोटीवरच्या एका गोव्याच्या आचाऱ्याने मार्सेलिस बंदरात हिंडून हिंडून निवडल्या होत्या. महाग बाटली कुणीही निवडील, आबा म्हणत. स्वस्तातली आणि तरी पंधरा वर्षं टिकेल अशी ओळखायला जीभ लागते. त्यांचा पहिला नियम असा, की नामांकित मळ्याच्या वाटेला जायचं नाही, त्याच्या बांधाला लागून असलेला मळा शोधायचा. "ऊन तेच, पाऊस तोच. नुसतं नाव नाही." दुसरा नियम असा, की आज जी तोंड आवळते तीच घ्यायची. "जो गोड बोलस तो टिकस नही, मास्तर." हा नियम ते माणसांनाही लावत. गोड बोलणारे चार भाडेकरू त्यांनी परत पाठवले होते. मी, गावात नवा आलेला शाळामास्तर, पहिल्याच दिवशी नळावरून त्यांच्याशी कडाकडा भांडलो आणि मला खोली मिळाली.

पंधरा वर्षांनी, दिवाळीत, आचारी धुळ्याला येणार आणि दोघं मिळून पहिलं बूच काढणार, असं ठरलं होतं. धुळ्याच्या उन्हाळ्यात एवढी वर्षं वाइन राखणं म्हणजे तव्यावर लोणी राखणं. आबांनी घराखालच्या जुन्या पेवात, जिथे पूर्वी ज्वारी साठवत, वाळू पसरून बाटल्या आडव्या निजवल्या होत्या. रोज संध्याकाळी ते खाली उतरून वाळूवर पाणी शिंपडत.

पंधराव्या वर्षी, ऐन वैशाखात, त्यांना एदलाबादला लेकीकडे जावं लागलं. "वाळू ओली ठेवा," एवढंच सांगून ते गेले. मी कंदील घेऊन पेवात उतरलो, तर बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर बुरशी. आमच्या घरात बुरशी दिसली की एकच उपाय: ऊन. आईने डाळी, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्याला ऊन दाखवलं आणि सगळं टिकलं. मी सहाही बाटल्या धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, नेल्या, फडक्याने पुसल्या आणि शेजारच्या अक्कांच्या पापडांशेजारी तीन दिवस ओळीने उभ्या ठेवल्या. कावळे येऊ नयेत म्हणून छत्री घेऊन राखणही केली. छत्री माझ्या डोक्यावर होती.

चौथ्या दिवशी आबा आले ते थेट धाब्यावर. त्यांनी एका बाटलीला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, हात लावला. शेजारचा एक पापड उचलून मोडून पाहिला. मग म्हणाले, "पापड चांगले वाळलेत." एकेक बाटली हातावर आडवी घेऊन त्यांनी पेवापर्यंत सहा खेपा केल्या. उन्हाने वाइन नासते, हे अक्कांनी मला समजावून सांगितलं. मी आबांकडे गेलो, तर ते म्हणाले, "दिवाळीला येईल तो. तेव्हा बघू."

दिवाळीत आचारी आला. गुडघे गेलेले, तरी बोटीवरचा कोट घालून. मला वाटलं होतं, आबा मला बाहेर बसवतील. त्यांनी तिसरा पेला माझ्यासाठी मांडला. बूच निघालं. रंग विटकरी झाला होता आणि वास शिजलेल्या चिंचेसारखा. आचाऱ्याने घोट घेतला आणि आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी त्यांना ऊन..."

"तोंड आवळतं का?" आबांनी मध्येच विचारलं.

आवळत होतं. मी मान हलवली.

"मग झालं," आबा आचाऱ्याला म्हणाले. "अजून तयार नाही. आपणच घाई केली."

आचाऱ्याने पुन्हा एक घोट घेतला. पंधरा वर्षं वाइन ज्या जिभेसाठी जपली, ती जीभ त्या दिवशी त्याने मोठ्या मनाने बाजूला ठेवली. "दहा वर्षं द्यायला हवीत," तो म्हणाला. "मी येतो परत."

तो परत येऊ शकला नाही. उरलेल्या पाच बाटल्या आम्ही पुन्हा वाळूत निजवल्या. पुढे आबांना पेवाच्या पायऱ्या उतरवेनात, तेव्हा पाणी शिंपडायचं काम त्यांनी माझ्याकडेच दिलं. त्या बाटल्यांत आता राखण्यासारखं काही नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी रोज संध्याकाळी ते पेवाच्या तोंडाशी काठी टेकून उभे राहत आणि मी वर येईपर्यंत हलत नसत.

"शिंपडलं, मास्तर?"

"शिंपडलं, आबा."

"बठ्ठ्या निजेल शेत ना?"

हो, सगळ्या निजल्यात, मी म्हणत असे. मग ते सावकाश घरात जात.