पेटीतला गुण्या

एका पेटीवरून मी आमच्या ह्यांच्याशी चार वर्षं भांडले. हे कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर होते. महिन्यातून एकदा दुपारच्या गाडीने एक काळी चपटी पेटी घेऊन ते मुंबईला जात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येत. तिथे फ्रीमेसन नावाच्या एका गुप्त मंडळाची सभा भरे. सभेतलं बाहेर सांगायचं नाही, अगदी बायकोलाही नाही, अशी शपथ घेतलेली. आता बायकोलाही नाही म्हटल्यावर बायकोने काय समजायचं?

गावाने मात्र आपल्यापुरतं समजून घेतलं होतं. सभेच्या जागेला लोक मुंडक्यांचा बंगला म्हणत. आत जाणाऱ्याचं डोकं उतरवून पुन्हा बसवतात, त्याची तसबीर भिंतीवर टांगतात आणि तो फितूर झाला की तसबिरीचे डोळे फोडतात, की इकडे हा आंधळा. पेटीत कवटी असते, याबद्दल स्टेशनापासून बाजारापर्यंत कुणाचं दुमत नव्हतं. मी हसण्यावारी नेत असे. पण ती पेटी कानाशी धरून हलवूनही पाहिली होती, खोटं कशाला बोलू?

मग घाटावर धरणाचं काम निघालं आणि हसू आटलं. धरणाच्या पायात लहान मुलांची मुंडकी घातल्याशिवाय भिंत उभी राहत नाही, अशी बातमी खालापुरापासून आमच्यापर्यंत पोचली. हे दर थंडीत वाड्यांवर जाऊन मुलांना देवी टोचत. दंडावर त्याचे वण राहत. लोकांनी दोन्हींचा मेळ घातला. डॉक्टर बंगल्यातला माणूस, तो खूण करून ठेवतो आणि खूण केलेलं पोर धरणात जातं! कोंडाण्याकडच्या ठाकरांच्या वाडीत हे पोचले की आया पोरं घेऊन रानात पळू लागल्या.

त्या वाडीतली एक म्हातारी आमच्याकडे मोळी घालायची. आदल्या उन्हाळ्यात देवी आल्या, त्यात तिचा नातू गेला. राहिली होती चार वर्षांची एक नात. हे तिला किती वेळा म्हणाले, पोरीला टोचून घे. ती मान हलवायची आणि मोळी टाकून निघून जायची. पुढच्या उन्हाळ्यात ती पोरगीही जाणार, या धास्तीने ह्यांना जेवण गोड लागत नसे.

खंडेनवमी आली. परसात न्हाणीघराचं जोतं बांधायला एक गवंडी लागला होता. त्याने थापी, ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या धुऊन अंगणात पाटावर मांडले. मी शेजारी विळी आणि कोयता ठेवला आणि बाळाला मांडीवर घेऊन बसले. ह्यांनी छाती तपासायची नळी आणि देवी टोचायची सुई आणून ठेवली. म्हातारी मोळी टाकून तिथेच टेकली होती. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

"अहो, आज घरातलं एकही हत्यार आत ठेवायचं नसतं," मी म्हणाले. "ती पेटी आणा."

ह्यांनी पाटावरच्या हत्यारांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शपथ बोलण्याची आहे. पूजेला काय हरकत?" आणि त्यांनी आत जाऊन पेटी आणली.

कवटी नव्हती. कमरेपुढे बांधायचा पांढऱ्या कातड्याचा एक तुकडा, हातमोजे, आणि निळ्या फितीला लावलेला वीतभरही नसलेला चांदीचा गुण्या! गवंड्याने तो उचलला, जोत्याच्या कोपऱ्याला लावून एक डोळा मिटून पाहिलं.

"कोन बराबर हाय," तो म्हणाला. "पर डॉक्टर, तुमी कवा गवंडी झालात?"

"भिंतीला नाही, आम्ही तो स्वतःला लावतो," हे म्हणाले. "कुठे वाकडे झालो ते बघायला."

"त्याला ममईला कशाला जाया लागतं?" म्हातारी बोलली. "बायकोला इचारायचं!"

आम्ही सगळे पोटभर हसलो. पेटीचं गूढ सुटलं, म्हातारीचं भयही गेलं असं मला वाटलं. तेवढ्यात म्हातारीने माझ्या मांडीवरच्या सहा महिन्यांच्या बाळाकडे बोट केलं.

"याच्या दंडाव खूण हाय का गं बाय?"

नव्हती. सर्दी आहे, दात येतायत, दसरा होऊ दे, असं म्हणत मीच टाळत आले होते. गावाला मूर्ख म्हणायची आणि आतून मीही भ्यायले होते. "नाही," मी म्हणाले. म्हातारीने दोरी खांद्यावर टाकली आणि चालती झाली. ह्यांनी पेटी उचलून आत ठेवली. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी चुलीपुढे बसून रडले.

दिवाळीनंतर वाड्यांसाठी नवी लस आली. मी बाळाला कडेवर घेतलं आणि ह्यांच्याबरोबर वाडीची वाट धरली. आमच्या घरातली बाई तोवर त्या वाटेने कधी गेली नव्हती. आया दारांआड गेल्या होत्या. मी म्हातारीच्या अंगणात बसले, बाळाचं अंगडं काढलं आणि ह्यांना म्हटलं, "आधी ह्याला." सुई लागली तसा त्याने टाहो फोडला. तो मला आवरेना, तेव्हा म्हातारीनेच पुढे होऊन त्याचे पाय धरले.

मग तिने नातीला हाक मारली, समोर बसवलं आणि तिचा दंड ह्यांच्यापुढे धरला. दारं एकेक करून उघडत होती.

"नीट दे रं डॉक्टर," ती म्हणाली. "आमच्या दोगींच्या पोरांना एकच खूण."