मावशीने सांगितलेला काउबॉय

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेळीच्या पुलावर रिक्षात अडकले होते. पुढेमागे ट्रेलर, हॉर्नचा नुसता कल्लोळ. मामा एवढंच म्हणाला, "शालू गेली." रडू आलं नाही. मनात पहिलं आलं ते हे, की आता भांडण मिटवायचं राहूनच गेलं...

माझी ही मावशी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. कामतघरच्या आमच्या चाळीत इंग्रजी पिक्चर बघणारी ती एकटीच बाई. मला न्यायची नाही, पण दुसऱ्या दिवशी अख्खा पिक्चर सांगायची. शेजारी कापडाचे लूम खडखडत असायचे म्हणून ओरडून, हातवारे करत. तिचा लाडका पिक्चर काउबॉयचा होता. घोडागाड्यांचा तांडा एका खोऱ्यात येतो, तिथल्या मूळच्या लोकांना हुसकायला बंदुका निघतात, तेव्हा नायक आडवा उभा राहतो. "ही जमीन त्यांची आहे," म्हणतो. गाड्या माघारी वळतात. शाळेत एक बाई आमच्या वस्तीला नावं ठेवून बोलल्या, तेव्हा मी उभी राहून त्यांना उलट उत्तर दिलं, ते या माणसाच्या जोरावर.

पुढे घरोघरी व्हीसीडी प्लेअर आले आणि ठाण्याला स्टेशनबाहेर मला तोच पिक्चर मिळाला. नाव तेच, नट तोच. पण हा आडवाबिडवा उभा राहत नाही. पहिली गोळी तोच झाडतो. त्या लोकांच्या तोंडी एक वाक्य नाही; ते नुसते घोड्यांवरून पडत राहतात, मग त्यांचे तंबू जळतात, आणि वर आनंदाचं संगीत.

दुसऱ्याच दिवशी मी मावशीकडे गेले. ती मेथी निवडत होती.

"तू मला खोटं सांगितलंस."

"हो," ती म्हणाली. "थेटरात सगळे शिट्ट्या मारत होते. मी पण मारली गं. बाहेर आल्यावर कळलं, कुणाच्या मरणावर मारली ते. तुला काय सांगणार होते? आठ वर्षांची होतीस."

"आता अठ्ठावीसची आहे. मधे एकदा तरी सांगायचंस."

ती मेथी निवडत राहिली. माझं जाणं-येणं चालू राहिलं, बोलणं आटलं. ती म्हणायची, "जेवून जा." मी म्हणायचे, "उशीर होतोय." तीन वर्षं अशी गेली. ज्याच्या जोरावर मी उभी होते तो माणूस तिने मनाने रचलेला होता, हे मला गिळता येत नव्हतं. अजूनही पुरतं येत नाही.

परवा तिची खोली आवरायला गेले होते. तिच्याच टीव्हीवर तो पिक्चर पुन्हा लावला. का, ते सांगता येणार नाही. शेजारच्या सुमनकाकी चहा घेऊन आल्या आणि खाटेवर बसून बघायला लागल्या.

"ही मानसं कोन हायत गो? काय केलंय त्यांनी?"

"काही नाही, काकी."

"मंग मारतात कशाला?"

मी टीव्ही बंद केला.

"अगो, पुढं काय झालं त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"मारलं त्यांना," मी म्हटलं. "सगळ्यांना. लेकराबाळांसकट."

काकींनी चहा न पिताच कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेला नजर देता येईना. आणि काकी तर सत्तरीच्या आहेत, आठ वर्षांच्या नाहीत.