कुलूपबंद प्रयोगशाळा

प्राचार्य सर, तुमच्या कॉलेजनं माझ्या मुलीला फसवलं. जुन्या जालन्यात भुसाराचं दुकान मी जिभेच्या जोरावर उभं केलं. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय कधी माल घेतला नाही. कॉलेजची मात्र नुसती इमारत पाहून आलो, ही माझी चूक.

दुकानातलं मशीन सोयाबीनमधला ओलावा कसा ओळखतं, हे ती लहानपणापासून मला विचारायची. मी दहावी नापास, काय सांगणार? त्या एका प्रश्नापायी तिनं बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलं. दिवाळी आली तरी प्रयोगशाळेचं कुलूप निघालं नव्हतं. शेवटी तिला घेऊन मीच विभागप्रमुखांकडे गेलो.

"शेठ, घरीच राहू द्या ना तिला," ते हसत म्हणाले. "हजेरीचं आम्ही बघतो. पोरी इथं लग्नाच्या बायोडाटात बीएस्सी लिहायलाच येतात."

"माझी शिकायला आलीय."

"मंग पुण्याला पाठवायची होती!"

माझा आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला. "कुलूप काढा. आत्ताच्या आत्ता." तर चावी शिपायाकडे, आणि शिपाई केदारखेड्याला लग्नाला गेल्ता. दारात पोरं जमली, हसू लागली. मुलगी माझी बाही ओढत म्हणाली, "पप्पा, चला. मला न्हाई शिकायचं."

दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात गेली नाही. मशीनबद्दलही तिनं पुन्हा विचारलं नाही. सर, तिच्या तोंडी ते वाक्य कोणी घातलं? माझ्या घरी या आणि तिच्यासमोर बसून उत्तर द्या.